चांदसैलीचा आकडा

"पाय कुठं उचलला?"

गाडी घेऊन परतलेल्या ड्रायव्हरला निर्मलाआक्का पहिल्यांदा हेच विचारत. माल पोहोचला का, पावती आणली का, हे विचारायला ऑफिसात दुसरी माणसं होती. आक्का फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभ्या असत, हातात बिनसाखरेच्या चहाचा पेला. ड्रायव्हर उतरला, नळावर तोंड धुतलं, की त्या त्याला बाजूला घेत. पाय म्हणजे अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय. वाटेत, पावसात किंवा वाऱ्यात, कोणत्या जागी तो आपोआप वर आला, एवढंच त्यांना हवं असे.

मी एकदा म्हटलं, "भीती कुठं वाटली, असं सरळच का विचारत नाही?"

"भीती वाटली असं कुठला बाप्या सांगेल?" आक्का म्हणाल्या. "पाय उचलला हे सांगायला त्याला कमीपणा वाटत नाही."

आक्कांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की दर वेळी आधी हा प्रश्नच ऐकू येतो. म्हणून तिथूनच सुरुवात केली.

नंदुरबारला दोंडाईचा रस्त्यावर आमची वाहतूक कंपनी आहे. मिरची, पपई, कापसाच्या गाठी घेऊन गाड्या लांब जातात. जवळच्या फेऱ्यांत तळोद्यावरून चांदसैलीचा घाट चढून धडगावला सिमेंट आणि किराणा पोहोचवतात, उन्हाळ्यात तिकडून आमचूर उतरवतात. काही वर्षांपूर्वी शेठनी सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनमध्ये एक यंत्रणा बसवून घेतली. गाडी जिथं असेल तिथं पुढच्या तासात किती पाऊस, किती वारा याचा अंदाज तिच्यात येतो. तो एका ठरावीक आकड्याच्या वर गेला की ड्रायव्हरचा फोन घंटा वाजवून बोलतो. तो आकडा मात्र कुणीतरी ठरवून द्यावा लागतो. आक्का त्याला 'रेष' म्हणत. रेष कुठं ओढायची हे ठरवणं त्यांचं काम, आणि रेष ओलांडल्यावर फोननं काय बोलायचं ते शब्द लिहिणं माझं. आमची टेबलं शेजारी शेजारी होती.

आक्का म्हसावदच्या. घरी चांगली बागायती शेती, भाऊ ती पाहत. आक्कांनी भूगोल घेऊन एम.ए. केलं आणि शहाद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिल्या. दर जूनला नवा अर्ज, दर मार्चला नोकरी संपलेली. जागा कायम झाली तेव्हा ती दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. शेठची मुलगी त्यांची विद्यार्थिनी. तिनं बापाला सांगितलं की हवामान कळणारं माणूस हवं असेल तर आमच्या बाईंना बोलवा. अशा त्या आमच्याकडे आल्या, आणि बाईंच्या आक्का झाल्या. शेठशी बोलताना त्यांची भाषा वर्गातली असे. फाटकाशी गेल्या की ती म्हसावदची अहिराणी होई. ती कधी बदलली हे त्यांना कळत नसावं.

यंत्रणा आली तेव्हा तिच्यात आकडे आधीच भरलेले होते. कुठल्या तरी मोठ्या शहरात बसून कुणीतरी भरलेले, सगळ्या देशाला एकच. मार्च संपत आला आणि उन्हाचा इशारा सुरू झाला. सकाळी वाजला, दुपारी वाजला, संध्याकाळी वाजला. आठवडाभरानं भटूभाऊ, आमचा जुना ड्रायव्हर, फोन हातात घेऊन आक्कांच्या टेबलाशी आला.

"आक्का, हाऊ फोन मले सांगस, बाहेर गंज ऊन शे. मी काय फ्रीजमा बठीसन गाडी चालाडस का?"

सगळं ऑफिस हसलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी भटूला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "मंग काय सांगाले पाहिजे त्यानी?"

भटूला असं कुणी विचारलं नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मले जे दिसत नही ते सांग म्हणा."

आक्कांनी उन्हाची घंटा त्याच दिवशी ड्रायव्हरांच्या फोनमधून काढली आणि माल चढवणाऱ्या हमालांच्या मुकादमाकडे लावली, की कोणत्या तासाला काम थांबवायचं हे त्याला कळावं. पुढं भटूचं ते वाक्य त्यांचं होऊन गेलं. "ड्रायव्हरला काचेतून दिसतंय ते फोननं सांगू नये," असं त्या शेठना, सॉफ्टवेअरवाल्यांना, मला, सगळ्यांना सांगत. नियम चांगला होता. मला अजूनही तो चांगलाच वाटतो. पण त्याच नियमाच्या बाजूनं आक्का पुढं एकदा घसरल्या, आणि ते त्यांना शेवटपर्यंत विसरता आलं नाही.

माझ्या शब्दांचंही त्यांनी तेच केलं. मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'सावधान. मार्गावर अतिवृष्टीची शक्यता आहे. कृपया वाहन सुरक्षित स्थळी थांबवावे.' आक्कांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

"छान आहे," म्हणाल्या. "हे ऐकून होईपर्यंत गाडी दोन वळणं पुढं जाईल."

मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, 'पुढं पाणी जास्त. थांब.' सायसिंगनं ते पावरीत करून दिलं. सायसिंग सातपुड्यातला, धडगावच्या वरच्या अंगाचा. डोंगरातले ड्रायव्हर आपसांत पावरी बोलतात, त्यांच्या फोनमध्ये तेच लावलं. त्यानं केलेलं वाक्य आमच्यापेक्षाही लहान होतं. आक्का मला म्हणाल्या, "बघ, आणखी दोन शब्द वाचले." त्या दिवशी मी जरा खट्टू झालो होतो. आता वाटतं, लिहिण्याचं जे थोडंफार शिकलो ते तिथंच.

रेष ओढायची त्यांची पद्धत अशी. रस्त्याचे त्यांनी तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याचा आकडा वेगळा. भरलेल्या गाडीचा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा. रिकामी गाडी हलकी, ओल्या उतारावर ब्रेक मारला की लवकर घसरते. ड्रायव्हर सांगे, अमुक पुलाच्या अलीकडे पाय उचलला. आक्का जाऊन त्या तासाला तिथं किती पाऊस होता ते काढत. पुष्कळ पाय जमले की त्यांच्या जरा खाली रेष. पुस्तकातला आकडा त्या बघत, पण त्यावर थांबत नसत.

आणि एक गोष्ट त्या कटाक्षानं पाळत. दोन ड्रायव्हरांना एकत्र कधी विचारत नसत. दुसरा जवळ आला की गप्प होत, चहाचा घोट घेत, "जा, पाणी पी" म्हणून त्याला पाठवून देत. दोघं असले की कुणाचाच पाय उचललेला नसतो, असं त्या म्हणत.

दिलवर त्यांचा लाडका होता, हे लपण्यासारखं नव्हतं. सायसिंगच्याच पट्ट्यातला, पुढच्या पाड्यावरचा. लग्न झालेलं, अंगानं बारीक, गाडी फार सुरेख चालवायचा. धडगावची फेरी शक्यतो त्यालाच मिळे, कारण माल उतरवला की तो घरी जाऊन जेवून यायचा. येताना आक्कांना कधी चारोळी, कधी आंब्याच्या वाळल्या फोडी. त्याचं मराठी, अहिराणी, हिंदी सगळं एकात कालवलेलं असे.

"पाय कुठं उचलला, दिलवर?"

"घर आलं तवा उचलला, आक्का."

"आणि घाटात?"

"घाटात कशाला? घाट तर आमचा घरचा रस्ता."

आक्का त्याला दोनदा, तीनदा विचारत. तो हसून तेच सांगे. त्याच्या उत्तरापुढं त्या काही लिहीत नसत. एकदा मला म्हणाल्या, "हा मुलगा मला अजून खरं सांगत नाही. सांगेल."

चांदसैलीच्या घाटावर पावसाळ्यात एक ढग बसलेलाच असतो. खाली तळोद्याला कोरडं असलं तरी वर भुरभुर चालू. आक्कांनी तिथली रेष सुरुवातीला बरीच खाली ठेवली होती, त्यामुळे फोन सारखा बोलायचा. ड्रायव्हर कंटाळले. कुणी फोन टॉवेलात गुंडाळून सीटमागं टाकू लागला, कुणी घाट सुरू व्हायच्या आधी बंदच करू लागला. आक्कांच्या हे लक्षात आलं आणि त्या अस्वस्थ झाल्या. बंद फोनवरची रेष असली काय नि नसली काय.

त्याच सुमारास खालचा एक रस्ता दुरुस्तीसाठी बंद झाला आणि धडगावच्या सगळ्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या. दुपारी रस्ता सुटणार होता. शेठ म्हणाले, "आक्का, सगळे ड्रायव्हर आयते सापडले आहेत. आजच विचारून घ्या आणि तो घाटाचा आकडा एकदाचा नीट करा."

आक्का कडुनिंबाखाली गेल्या. सगळे तिथंच बसले होते, कुणी पत्ते खेळत होतं. एकेकाला बाजूला घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी सगळ्यांनाच विचारलं. "चांदसैलीमा पानी ऊनं तर पाय कोठे उचलस?"

"कोनाच नही उचलस, आक्का," भटू म्हणाला. "चढनीवर उचलना तर गाडी मांगे यी."

"अन् उतरतांना?"

"ज्यान्हा उचलस त्यानी घर बठीसन भाकरी करानी."

हशा झाला. आक्कांनी एकेकाकडे बघितलं. सायसिंगनं मान हलवली, नाही. दिलवर पत्ते पिसत होता. "माझं तर तुम्हाला माहीतच आहे, आक्का," तो म्हणाला.

त्या वर आल्या. मग रिकाम्या गाडीची घाटातली रेष त्यांनी वर नेली. नियमाला धरूनच होतं ते. घाटातला पाऊस ड्रायव्हरला काचेतून दिसतो, खूपच झाला तर फोन बोलेल. फोन टॉवेलातून बाहेर आले. आठवडाभर सगळे खूश होते.

दिलवर धडगावला सिमेंट उतरवून, घरी जेवून, रिकामी गाडी घेऊन खाली येत होता. दुपारची वेळ. एका वळणावर गाडी घसरली आणि कठडा तोडून खाली गेली. मागून येणाऱ्या जीपवाल्यांनी पाहिलं. ते उतरून पोहोचले तेव्हा तो गेला होता.

आक्कांनी त्या तासाचा पाऊस काढला. तो नव्या रेषेच्या खाली होता, थोडासाच. जुन्या रेषेच्या वर होता. फोन बोलला नव्हता.

शेठ वाईट माणूस नाहीत. ते टेबलाशी येऊन उभे राहिले. "आक्का, मनाला लावून घेऊ नका. आकडा तुम्ही सगळ्यांना विचारूनच ठरवला होता."

"सगळ्यांना एकत्र विचारून," आक्का म्हणाल्या. एवढंच. शेठना त्यातलं काही कळलं नसावं. ते खांद्यावरचा रुमाल नीट करत निघून गेले.

दिवसकार्य झाल्यावर आक्का दिलवरच्या घरी गेल्या. कंपनीकडून जे द्यायचं ते देऊन शेठ आधीच आले होते, त्यामुळे जाण्याचं तसं कारण नव्हतं. बोलणं समजून सांगायला सायसिंग आणि सोबतीला मी. रस्ता संपल्यावर बरंच चालावं लागलं. आक्कांना तेव्हाच धाप लागत होती, वाटेत दोनदा दगडावर बसल्या. आम्हाला ती चढणीची धाप वाटली.

डोंगरात घरं एकमेकांपासून लांब असतात, प्रत्येक आपापल्या शेतात. दिलवरच्या वडिलांनी अंगणात खाट टाकली. त्याची बायको माहेरी होती. आई दारात टेकून बसली. चहा झाला. मग आईनं पावरीत एक प्रश्न विचारला आणि सायसिंगनं खाली बघतच तो मराठीत सांगितला. "ती म्हणते, गाडीतला फोन बोलतो, असं दिलवर सांगायचा. पाऊस आला की थांब म्हणतो. मग त्या दिवशी का नाही बोलला?"

आक्का सावकाश बोलल्या. फोन कधी बोलायचा हे मी ठरवते. आधी तो कमी पावसातही बोलायचा. ड्रायव्हरांना त्रास होत होता म्हणून मी तो जास्त पावसावर नेला. तो आधीसारखा ठेवला असता तर त्या दिवशी बोलला असता. दिलवरनं ऐकलं असतं की नाही ते मला माहीत नाही. पण बोलला असता.

सायसिंग आईकडे वळून चार शब्द बोलला.

आक्का म्हणाल्या, "एवढंच नव्हतं माझं बोलणं."

"आक्का, राहू द्या ना," सायसिंग म्हणाला. "काय फायदा?"

"पूर्ण सांग."

"तिला काय कळंल रेष नि फिष?"

"कळेल. सांग, बाबा."

सायसिंगनं सांगितलं. या वेळी वेळ लागला. आई आक्कांकडे बघत राहिली, मग उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, दुसरा काही नाही. मला वाटलं आता निघावं. तेवढ्यात वडील बोलायला लागले. हळू आवाजात, अंगणाच्या पलीकडे बघत. सायसिंग ऐकता ऐकता अवघडला. आक्कांनी घाई केली नाही.

"तो म्हणतो," सायसिंगनं शेवटी सांगितलं, "दिलवर घरी सांगायचा. त्या वळणावर पाऊस असला की भ्या वाटतं. समोरचा डोंगर दिसत असला तर काही नाही. डोंगर दिसेनासा झाला की पाय थरथरतो, असं सांगायचा. अन् म्हणायचा..." तो थांबला. "म्हणायचा, सायसिंगला सांगू नका. तो हसंल."

आक्कांनी पदरानं चष्मा पुसला. निघताना त्या दारापर्यंत गेल्या आणि आईला हात जोडले. आई बाहेर आली नाही, पण उंबऱ्याच्या आतून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. चालत जायचं होतं आम्हाला. आक्का ते पाणी प्यायल्या.

परतल्यावर त्यांनी चांदसैलीचा आकडा पुसून टाकला. यंत्रणेत त्या तुकड्यापुढचा रकाना रिकामा ठेवला. रकाना रिकामा म्हणजे तिथं फोन आपणहून कधीच बोलणार नाही. मी घाबरलो. म्हटलं, "निदान तोपर्यंत एखादा कमीतला आकडा घाला."

"कमी घातला की महिन्याभरात फोन परत टॉवेलात," त्या म्हणाल्या. "मग आपण सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, असं म्हणायला आपण मोकळे. तसा आकडा कुणालाही घालता येतो."

त्याऐवजी त्यांनी नियम केला. पावसाळ्यात घाट चढायच्या आधी पायथ्याशी थांबून, आणि उतरायच्या आधी वर थांबून, प्रत्येक ड्रायव्हरनं आक्कांना फोन करायचा. त्या हो म्हणाल्या तरच गाडी हलवायची. आक्का जेवत असोत, पूजेत असोत, दवाखान्याच्या रांगेत असोत, फोन उचलत. आणि एकच विचारत.

"समोरना डोंगर दिसी ऱ्हायना का?"

"दिसी ऱ्हायना, आक्का."

"नीट देख."

"डोंगर दिसी ऱ्हायना, डोंगरवरनी बकरी बी दिसी ऱ्हायनी," भटू एकदा वैतागून म्हणाला. "बकरीनं नाव सांगू का?"

"नको. जाय आते. हळू."

ज्या वेळी दिसत नाही असं उत्तर येई त्या वेळी आक्का त्या तासाचा पाऊस काढून ठेवत. डोंगर किती पावसात झाकला जातो, हे त्यांना मिलिमीटरमध्ये हवं होतं. एक पावसाळा पुरला नाही. वारा कधी धुकं आणतो, कधी नेतो, आकडा हातात येता येता निसटे. शेठ एकदा चिडून म्हणाले की एका घाटासाठी किती वर्षं लावणार. आक्का म्हणाल्या, "कळेल तेव्हा सांगेन."

कडुनिंबाखालचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, पण त्यात भर घातली. त्या ड्रायव्हरांच्या घरी फोन करू लागल्या. बायकोशी, आईशी, कधी वडिलांशी बोलत. तब्येत, पीकपाणी, लेकरांची शाळा, आणि मग सहज, परवाच्या पावसाचं काय सांगत होता हो तुमचा माणूस? घरची माणसं भरभरून सांगत. आवारात याची पुष्कळ थट्टा झाली.

"आक्का, मन्ही बायको तुम्हले काय काय सांगस?" भटूनं विचारलं. "मी घर काय बोलस ते बी?"

"तेच पहिलं सांगस ती."

"भांडन बी?"

"ते तर तुन्ही मायनी सांगं."

भटू चार दिवस तोंड फिरवून होता. पण सुरतेच्या रस्त्यावरच्या एका मोरीची रेष त्याच्या बायकोच्या बोलण्यावरून खाली आली तेव्हा तो काही बोलला नाही.

आक्का वाळत चालल्या होत्या. पोटात दुखतं म्हणत, आणि पुढचं बोलणं टाळत. पावसाळा होऊ दे, मग बघू. पावसाळा झाला, उन्हाळा आला, दुसरा पावसाळा लागला. तेव्हा भावानं ऐकलं नाही, त्यांना सुरतेला नेलं. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला सुरतच गाठतात. तिथल्या डॉक्टरांनी भावाला बाहेर बोलावून सांगितलं. आक्कांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

दवाखान्यातही त्यांचा फोन उशाशी होता. वहिनी सोबत असत. त्या सांगत की सलाईन चालू असताना धडगावच्या गाडीचा फोन आला की आक्का डोळे उघडतात, डोंगराचं विचारतात आणि परत मिटतात.

मी भेटायला गेलो तो सायसिंगच्या गाडीतून. तो सुरतेहून धडगावच्या दुकानांचा माल भरून निघणार होता. त्याच्याबरोबरच परतायचं ठरलं. आम्ही वर गेलो तेव्हा आक्का जाग्या होत्या. चेहरा इतका लहान झाला होता की मी पहिल्यांदा शेजारच्या खाटेकडे बघितलं.

"लॅपटॉप आणलास?" त्यांनी मला विचारलं.

आणला होता. निरोपच तसा होता.

"चांदसैली काढ. रिकामी गाडी, उतार."

रिकामा रकाना समोर आला. आक्कांनी आकडा सांगितला. मी घातला. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचला. तो जुन्या रेषेपेक्षा जरासा वर होता, आणि दिलवरच्या दिवसाच्या पावसापेक्षा पुष्कळ खाली. मी तो इथं लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या घाटाला तो लागू नाही.

मग त्यांनी शेठना फोन लावून मागितला. शेठचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "आक्का, एवढ्यावर तर आपल्या गाड्या निम्मा पावसाळा वरच उभ्या राहतील."

"राहतील."

"ड्रायव्हर ऐकतील का?"

"यावर ऐकतील. त्यांच्याच घरून आलेला आहे."

"तब्येत सांभाळा," शेठ म्हणाले. "आकडा राहू द्या तसाच."

सायसिंग इतका वेळ पायाशी उभा होता. आक्कांनी त्याला जवळ बसवलं. तो एकदम म्हणाला, "आक्का, मी हसलो नसतो."

"माहीत आहे मला."

"थोडा हसलो असतो," सायसिंग म्हणाला, आणि त्यानं तोंड दुसरीकडे केलं. आक्कांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून सायसिंग हलला नाही.

निघायचं म्हटलं तेव्हा बाहेर पाऊस धरला होता. "आता नको," आक्का म्हणाल्या. "सकाळी जा." आम्ही खाली गाडीतच झोपलो.

सकाळी आभाळ उघडल्यासारखं झालं. गाडी दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला होती. सायसिंगनं चाकं बघितली, ताडपत्रीचे दोर ओढून बघितले, काच पुसली. मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आक्का उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना मागून धरलं होतं, खांद्यावर त्यांची चॉकलेटी शाल. मी हात केला. सायसिंगनंही केला. आक्कांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्या आमच्या डोक्यांवरून पलीकडे, आमचा रस्ता जातो त्या बाजूच्या आभाळाकडे बघत होत्या. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक केले होते.

सायसिंग वर चढून बसला. इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. मागून कुणी हॉर्न दिला. तो काचेतून मान बाहेर काढून वर बघत राहिला.

बऱ्याच वेळानं आक्कांनी मान खाली केली, आम्ही अजून तिथंच आहोत हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी हात हलवला. जा.

तेव्हा सायसिंगनं गिअर टाकला.